उत्तर कोणीं द्यावयाचें?

आमच्या धाकट्या भगिनीचें बिऱ्हाड इंग्लंडांत आहे. २०२५ सालच्या मार्चपासून दोन महिने आम्ही तिच्याकडे होतों, आणि त्या मुक्कामांत एका तक्रारअर्जाचा प्रवास आम्हांस पाहावयास मिळाला.

आमचे मेहुणे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठीं वर्षभर ताटकळले होते. तारीख दोनदां लांबली. तिसऱ्या वेळीं ते पहाटेपासून उपाशीं, अंगांत रुग्णालयाचा झगा, असे दुपारीं तीनपर्यंत बसून राहिले; मग 'आज होणें नाहीं' असें सांगून त्यांस घरीं धाडण्यांत आलें. भगिनीनें तक्रार लिहिली. उत्तर तीन पानी आलें. त्यांत दिलगिरी होती, सहानुभूति होती, पण कर्ता कोठेंच नव्हता. 'शस्त्रक्रिया पुढें ढकलली गेली', 'योग्य ती माहिती दिली गेली नाहीं', 'नोंद घेण्यांत आली आहे.' कर्मणि प्रयोगाचीं इतकीं उदाहरणें आमच्या शाळामास्तरांसही एके ठिकाणीं सांपडलीं नसतीं! मग तिनें आपल्या भागाच्या पार्लमेंट-सभासदास लिहिलें. त्यानें तें पत्र आरोग्यखात्याकडे पाठविलें. खात्यानें कळविलें कीं, हा विषय स्थानिक रुग्णालयाच्या अखत्यारींतील असून तक्रार तेथेंच करावी.

ज्या सरकारी आरोग्यसेवेची ही कथा, ती ५ जुलै १९४८ रोजीं सुरू झाली. तिचे जनक अनायरिन बेव्हन हे वेल्समधील ट्रेडेगार गांवचे, तरुणपणीं कोळशाच्या खाणींत राबलेले. ट्रेडेगारच्या इस्पितळांत रुग्णाचें शौचपात्र खालीं पडलें तर त्याचा आवाज वेस्टमिन्स्टरमध्यें घुमला पाहिजे, असें ते म्हणाल्याचें सांगतात. कल्पना उदात्त खरी. पण ज्यानें आपल्याकडची मामलेदार कचेरी पाहिली आहे त्यास पुढचें निराळें सांगावयास नको. भांडें पडूं नये म्हणून मधला अधिकारी झटत नाहीं. आवाज वर जाऊं नये म्हणून तो दारांच्या फटींत चिंध्या कोंबतो.

स्टॅफर्डच्या रुग्णालयांत २००५ ते २००९ च्या दरम्यान हेंच झालें. रुग्णांच्या हाताशीं पाणी नसे, कित्येकांस मळलेल्या अंथरुणांतच पडून राहावें लागे. आणि संचालक मंडळ मात्र जमाखर्चाच्या व स्वायत्ततेचा दर्जा मिळविण्याच्या खटपटींत गढलेलें. नातेवाइकांनीं लावून धरलें म्हणून चौकशी झाली. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या २०१३ च्या अहवालांत २९० शिफारशी आहेत.

मंत्र्यांनीं रोजच्या कारभारांत ढवळाढवळ करूं नये, म्हणून २०१२ च्या कायद्यानें 'एन. एच. एस. इंग्लंड' या मंडळाकडे तो सोंपविला गेला. हेतु वाईट नव्हता. पण बोट दाखविण्यास आणखी एक जागा झाली. आम्ही तेथें असतांनाच, १३ मार्च २०२५ रोजीं, पंतप्रधान कीर स्टार्मर यांनीं तें मंडळ मोडून आरोग्यसेवा पुन्हां मंत्र्यांच्या ताब्यांत आणण्याचें जाहीर केलें. भगिनी बातमी ऐकून म्हणाली, "दादा, आतां पत्रावर पत्ता कुणाचा घालूं?"

आमच्या मतें बेव्हन यांचेंच खरें. ज्यास मतदार घरीं बसवूं शकतात, त्यानेंच शेवटीं उत्तर द्यावें. पण मंत्र्याचें उत्तर म्हणजे आणखी एक तीन पानी पत्र, हेंही आम्हांस दिसत होतें.

शस्त्रक्रिया चौथ्या तारखेस झाली. तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं एक परिचारिका मेहुण्यांच्या खाटेशीं स्टूल ओढून बसली. "त्या दिवशीं तुमची शस्त्रक्रिया अकरालाच रद्द झाली होती," ती म्हणाली. "तुम्हांला सांगायचं काम माझं. दोन वॉर्डांत मी एकटी होतें, विसरलें. फार वाईट वाटतं." मेहुणे कांहीं बोलले नाहींत, त्यांनीं तिचा हात थोपटला.

भगिनीची तक्रार तोंवर लोकपालाकडे जावयास निघाली होती. तींत त्या परिचारिकेचें नांव घालावें कीं काय, असें आम्हीं विचारलें. "नांव घातलं तर जबाब तिच्या एकटीकडेच मागतील," ती म्हणाली, आणि लिहिलें, 'आम्हांस वेळेवर कळविण्यांत आलें नाहीं.'