साधी की गंभीर?

मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका पालिका रुग्णालयात कॅज्युअल्टीला रुजू झाले, तेव्हा टाके घालायची भीती नव्हती. धास्ती होती ती एमएलसीच्या, म्हणजे मेडिको-लीगल केसच्या कागदाची. नळावरच्या भांडणात डोकं फुटलेला असो की नवऱ्याने मारलेली बाई, सोबतच्या हवालदाराचा प्रश्न ठरलेला : "डॉक्टर, साधी की गंभीर?"

मी गांगरून जायचे. कायद्याने गंभीर दुखापतीचे आठच प्रकार मानले आहेत. हाड मोडलं, दात पडला तर ती गंभीर. नुसतं रक्त खूप वाहिलं म्हणून नव्हे. त्यात १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता आली आणि नेहमीचे व्यवहार न करता येण्याची २० दिवसांची अट १५ दिवसांवर आली. "एक्स-रे येईपर्यंत मत राखून ठेव. तसं लिहिता येतं," असं आमच्या वरिष्ठ सरांनी सांगितलं, तेव्हा केवढा धीर आला!

सगळ्यात जास्त चकवलं ते भुवईवरच्या एका जखमेने. सरळ रेषेत चिरलेली, कडा नीटस. जखमी माणूस म्हणत होता बांबू, जखम दिसत होती चाकूची. काय लिहायचं? सरांनी हातात भिंग दिलं. कडांना बारीक खरचटलेलं होतं, केस चिरडले होते आणि आत दोन्ही कडांना जोडणारे तंतू शाबूत होते. चाकूने ते कापले गेले असते. कातडीखाली लगेच हाड असलं की बोथट वस्तूच्या माराने कातडी अशीच उलते. 'धारदार शस्त्र' एवढे दोन शब्द पडले की कलम बदलतं, एक वर्षापर्यंतची शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते. शिवाय साक्षीदार बांबू म्हणणार आणि अहवाल चाकू. मग मार खाल्लेल्याचंच म्हणणं कोर्टात खोटं ठरायचं.

तेव्हापासून मी आधी मोजते, मग नाव देते. लांबी-रुंदी सेंटीमीटरमध्ये, जागा भुवईच्या टोकापासून, रंग दिसेल तसा. 'बाथरूममध्ये पडले' म्हणणाऱ्या बाईच्या पाठीवर लाल, हिरवट आणि पिवळे वळ एकत्र असतील, तर ते एका पडण्याचे नसतात. तिथे रंग वेगवेगळे नोंदवायचे, तिच्याशी एकांतात बोलायचं आणि हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी पालिका रुग्णालयात असलेल्या 'दिलासा' केंद्राच्या समुपदेशक ताईंना बोलवायचं.

लैंगिक अत्याचारात तर अनेकदा जखमच नसते. 'सेहत' या संस्थेने २००८पासून घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात पालिकेसोबत अशा प्रकरणांतल्या वैद्यकीय तपासणीची पद्धत बदलण्याचं काम केलं. २०१४मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. जखम नाही म्हणजे अत्याचार झाला नाही, असा अर्थ डॉक्टरने काढायचा नाही, हे त्यात स्पष्ट आहे. 'जखम दिसली नाही' लिहून थांबू नये. ती का नसेल, तेही लिहावं. धमकी, गुंगी, मध्ये गेलेले दिवस.

तुमच्यावर किंवा घरातल्या कुणावर अशी वेळ आली, तर कपड्यांखालचा वळही डॉक्टरांना दाखवा आणि कशाने, कधी मारलं ते सांगा. तुम्ही दाखवलंत तरच आम्हाला लिहिता येतं.