इशारा पोहोचला होता

12 नोव्हेंबर 1970 च्या रात्री मेघना नदीच्या मुखाशी असलेल्या भोला बेटावर आणि आसपासच्या चरांवर, म्हणजे गाळाने तयार झालेल्या जमिनींवर, चक्रीवादळाने समुद्र चढून आला. या वादळाची गोष्ट सहसा मृतांच्या आकड्यापासून सुरू होते: तीन लाख, काहींच्या मते पाच लाख. मला त्याहून दोन लहान आकडे अधिक छळतात. वादळ येत असल्याचे त्या भागातल्या सुमारे 90 टक्के लोकांना आधी कळले होते, असे पुढच्या वर्षीच्या अभ्यासात नोंदले गेले. पक्क्या इमारतीचा आसरा घेतला तो मात्र जेमतेम एक टक्का लोकांनी. म्हणजे 'बिचाऱ्यांना काही कळलेच नाही' हे आपण इतकी वर्षे स्वतःला देत आलेले उत्तर खरे नाही. कळले होते. कळल्यावर जायचे कुठे, आणि आपली गुरे, धान्य, जमीन कुणाच्या भरवशावर सोडायची, याचे उत्तर कुणी तयार ठेवले नव्हते. ती माणसे वाऱ्याने जितकी मारली, त्याहून जास्त या रिकाम्या जागेने मारली, असे माझे म्हणणे आहे.

ही जागा रिकामी का होती, ते समजायला भोलाची जमीन समजून घ्यावी लागते. बांगलादेशातले हे सर्वांत मोठे बेट, जुने नाव दक्षिण शाहबाजपूर. मेघना वरून गाळ आणते, एका काठाला घर खाते आणि दुसरीकडे चर उभा करते. समुद्रसपाटीहून काही फूटच वर असलेल्या या नव्या जमिनीत भात पिकते, म्हशींना चारा मिळतो, पाण्यात हिल्सा असतो. नवा चर वर आला की भूमिहीन माणूस तिथे धावतो, कारण जुनी जमीन मोठ्या जोतदारांकडे, म्हणजे जमीनदारांकडे असते. नोव्हेंबर हा आमन भाताच्या कापणीचा महिना. त्या वर्षीही बाहेरून कापणीला आलेले मजूर चरांवरच होते आणि त्यांची मोजदाद कुठल्याच गावाच्या वहीत नव्हती. घरे कुडाची आणि गवताची. मैलोन्मैल पक्की भिंत नाही, उंचवटा नाही. त्यात ऑक्टोबरमध्ये एका वादळाचा इशारा होऊन गेला होता आणि ते वादळ त्या मानाने हलके ठरले होते. इशारा ऐकून घरीच थांबलेल्या माणसाला बेफिकीर म्हणणे मला अन्याय वाटते. त्याने आपल्या परीने हिशेब केला होता. त्या हिशेबात आसऱ्याचा रकानाच कोरा होता.

वादळाबरोबर समुद्रातून चढून येणाऱ्या लाटेला बंगालीत 'जलोच्छ्वास' म्हणतात. भरतीच्या वेळेला, अंधारात, सुमारे तीस फुटांची ही लाट आली. भोलाच्या तजुमुद्दीन भागातली सुमारे 45 टक्के वस्ती तिने नेली. डॉ. आल्फ्रेड सॉमर आणि त्यांचे सहकारी यांनी वाचलेल्यांची पाहणी केली, तेव्हा मृतांत निम्म्याहून अधिक लहान मुले निघाली. वाचलेल्यांपैकी अनेकांच्या छातीवर, दंडांवर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला खोल ओरखडे होते, कारण रात्रभर ते झाडांच्या बुंध्यांना मिठी मारून राहिले होते. धडधाकट पुरुष त्यामुळे जास्त वाचले. मूल कडेवर असलेल्या बाईला झाडाला दोन्ही हातांची मिठी कशी मारता येणार? निसर्ग सर्वांना सारखाच झोडपतो, असे म्हणणाऱ्यांनी हे व्रण आठवावेत.

आसरा नसल्याने माणसे मेली, या माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा, की इतक्या भयंकर वादळापुढे कोणताही बंदोबस्त टिकला नसता. त्याला उत्तर पुढच्या वादळांनी दिले आहे. 15 नोव्हेंबर 2007 च्या 'सिद्र'चा वारा 1970 च्या वादळापेक्षा कमी नव्हता. मृत्यू सुमारे 3,400. आक्षेपक म्हणेल, सिद्र भरतीच्या ऐन वेळी आले नाही आणि सुंदरबनाच्या खारफुटीने त्याचा जोर बराच खाल्ला. हे मला मान्य आहे, आणि खारफुटी तोडणाऱ्यांनी ते लक्षातही ठेवावे. पण भरती आणि जंगल यांनी आकडा काही पटींनी घटेल, शंभर पटींच्या आसपास नाही. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: 1972 मध्ये रेडक्रॉस आणि सरकार यांनी मिळून चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम सुरू केला, गावोगाव भोंगे आणि झेंडे घेतलेले स्वयंसेवक नेमले, तरी 29 एप्रिल 1991 ला चितगावच्या किनाऱ्यावर सुमारे 1,38,000 माणसे कशी मेली? माझ्या मते हाच आक्षेप माझ्या बाजूने साक्ष देतो. त्या वादळानंतर केलेल्या पाहणीत, पक्क्या इमारतीपर्यंत पोहोचू न शकलेल्यांपैकी सुमारे 22 टक्के दगावले होते. जे पोहोचले ते सगळे वाचले. शब्द पोहोचवणारी माणसे तोवर तयार झाली होती, जागा मात्र अजून फार थोड्या होत्या. 20 ते 44 वयोगटात स्त्रियांचा मृत्युदर हजारी 71 आणि पुरुषांचा 15 होता, यातूनही तेच दिसते: आसरा दूर असेल, तिथे बाईमाणसाची सोय नसेल, तर इशारा तिच्या कानावर पडूनही पायाला वाट मिळत नाही.

भोलाला 1970 नंतर जे मिळाले त्यातली मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती मातीची केल्ला. शेख मुजीब यांच्या काळात उभारलेले हे उंचवटे गुराढोरांसाठीही होते, म्हणून लोक त्यांना 'मुजीब केल्ला' म्हणतात. शब्द आपल्या 'किल्ल्या'चाच सख्खा भाऊ. म्हैस सोडून माणूस घर सोडत नाही, हे ज्याला उमगले त्याने हा उंचवटा रचला. तुलनेने 1970 चे इस्लामाबाद, म्हणजे तेव्हा इथे राज्य करणारे पाकिस्तानचे सरकार, पाहा: मदत इतकी सुस्त, की पूर्व बंगालच्या संतापाला ती नवे कारण देऊन गेली. डिसेंबरमध्ये सुरू झालेल्या निवडणुकीत वादळग्रस्त भागाचे मतदान 17 जानेवारी 1971 पर्यंत पुढे ढकलावे लागले, आणि अखेर पूर्व बंगालने आपल्या 162 सर्वसाधारण जागांपैकी 160 मुजीब यांच्या अवामी लीगला दिल्या. एका देशाच्या जन्माची कारणे अनेक असतात, सारे श्रेय किंवा दोष वादळाला देणे चूक ठरेल. पण ज्या सरकारला चरावरचा माणूस दिसला नाही, त्याला त्याचे मतही दिसले नाही.

'मग ते तिथून उठून का जात नाहीत?' हा प्रश्न बेटाबाहेरच विचारला जातो. जातातही. ढाक्यात मिरपूरला भोलाच्या विस्थापितांची एक झोपडपट्टी आहे, तिचे नावच 'भोला बस्ती'. मेघनेने जमीन गिळलेली कुटुंबे तिथे येतात. म्हणजे बेट सोडल्याने संकट संपत नाही, फक्त पाण्याच्या जागी भाडे येते. म्हणून माझा आग्रह माणसे हलवण्यापेक्षा त्यांच्या पायाखालचे अंतर कमी करण्याचा आहे. आज चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रमात सुमारे 76,000 स्वयंसेवक आहेत, निम्म्या स्त्रिया. बाईचा निरोप बाई घेऊन जाते तेव्हा दाराआडची बाईही बाहेर पडते. 2020 च्या 'अम्फान' चक्रीवादळाआधी बांगलादेशाने सुमारे 24 लाख लोक हलवले, तेही महामारीच्या दिवसांत. तरीही मेघना दरवर्षी नवा चर वर काढते, बांधाच्या बाहेर, आणि तिथे पहिली झोपडी उभी राहते तेव्हा जवळचा पक्का निवारा अजून कित्येक वर्षे दूर असतो.