मुंबई-गोवा महामार्ग : भरतीच्या टोकाची गावं (भाग २)

सोमवार. माणगाव ते महाड

खड्ड्यांचं पुराण मागच्या भागात झालं, आता नद्या. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या पश्चिमेला धावतात, महामार्ग दक्षिणेला. म्हणून इथला प्रवास म्हणजे घाट चढा, उतरा, पूल ओलांडा, पुन्हा चढा.

महाडजवळ सावित्रीचा पूल आला आणि शेजारच्या आजींनी खिडकीतूनच हात जोडले. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला, दोन एसटी गाड्या वाहून गेल्या. नवा पूल जून 2017 मध्ये खुला झाला.

मंगळवार. महाड ते चिपळूण

कशेडी घाट पूर्वी पाऊण तास खायचा. आता बोगद्यात शिरलो नाही तोच रत्नागिरी जिल्हा. खेडला जगबुडी, पुढे परशुराम घाट, पायथ्याशी वाशिष्ठी.

चिपळूणच्या बाजारात एका कापडदुकानात, डोक्याच्याही वर, भिंतीवर ऑइलपेंटची लाल रेघ आहे : 22-7-21. "वरनं पाऊस, खालनं भरती. पाण्यानं जायचं कुठं?" मालक ठाण मोजता मोजता म्हणाले.

गाव वसलंच भरतीच्या टोकाला. गोवळकोटच्या धक्क्याला गलबतं लागत, माल बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली घाट चढून कऱ्हाडला जाई. महाडचंही तसंच, तिथला घाट वरंध्याचा. खाली खाडी रुंद, वर डोंगर उभे. नदी सोयीने ओलांडायची तर ती अशा गावांपाशीच. म्हणून महामार्ग जुनी बंदरं माळेसारखी ओवत जातो.

बुधवार. चिपळूण ते राजापूर

संगमेश्वरला शास्त्री ओलांडली. हातखंबा, लांजा झोपेत गेले.

राजापुरात इंग्रजांची वखार होती. 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी ती लुटली. पुढे खाडी गाळाने भरली आणि बंदर बसलं. पेठ तगली ती घाटमाथ्याच्या आणि महामार्गाच्या गिऱ्हाइकावर. आता अर्जुनेवरच्या उंच पुलावरून गाड्या परस्पर निघून जातात. खाली जुन्या रस्त्यावरच्या टपरीवाल्याला विचारलं, धंदा कसा? त्याने वर बोट केलं. "रात्रीच्या गाड्या असायच्या तेव्हा शेगडी विझत नव्हती. आता आठला बंद करतो." चहा मात्र फक्कड, आलं ठेचून घातलेलं.

गुरुवार. राजापूर ते कणकवली

खारेपाटण हेही खाडीकाठचं जुनं बंदर. शिलाहार राजा रट्टराजाचा 1008 सालचा ताम्रपट इथलाच. धक्क्याचा काळ सरला, पेठ रस्त्याकडे वळली. आता रस्ताच पेठांना वळसे घालू लागलाय.

कणकवलीपर्यंत भरतीचं पाणी पोचत नाही. ही पेठ मोठी केली ती रस्त्यानेच, आणि इथे त्याने बगल न देता बाजाराच्या डोक्यावर उड्डाणपूल टाकलाय. गोव्याच्या गाड्या वरून सुसाट जातात. एसटी अजून खालून, बाजारातून स्टँडवर येते आणि तिच्यातून उतरलेला माणूस नारळ, भाजी, मासे घेऊनच घरी जातो. बाजार उभा आहे तो त्याच्या पिशवीवर.

पुढच्या भागात कुडाळ, बांदा आणि पत्रादेवीचा नाका.