कॅमलच्या पंखापाशी

वोकिंग (इंग्लंड), मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

म्युझियममागच्या शेडमध्ये आज खालचा उजवा पंख घोडीवर उभा केला. विमान सॉपविथ कॅमल, पहिल्या महायुद्धातलं. पूर्ण मापाची प्रतिकृती आहे, उडणार नाही. काम करणारे सगळे बिनपगारी आणि बहुतेक साठीपुढचे. ओझरच्या एचएएल विमान कारखान्यात मिग लढाऊ विमानांच्या शीट मेटलला होतो म्हटल्यावर वाटलं, आता रिव्हेट गन देतील. दिला रंधा! या विमानात पत्रा आहे तो नाकापाशी. बाकी स्प्रूस आणि अ‍ॅश लाकूड, ताणाच्या तारा आणि वरून लिननचं कापड. पंखाची एक बरगडी तळहातावर घेतली, तर वजनच लागेना.

गुरुवार, ११ सप्टेंबर

कापड चढवून झालं, आज टाके. उभ्या पंखाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला एक निवृत्त नर्सबाई. मेण लावलेला दोरा, वीतभर लांब सुई. मी बरगडीला लागून सुई आरपार ढकलायची, बाईंनी ती बरगडीच्या दुसऱ्या अंगानं परत पाठवायची, मी गाठ मारून पुढच्या खुणेवर जायचं. एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून सुई घालण्याआधी हाक द्यायची. नाहीतर पलीकडचं बोट गेलंच. उडताना पंखाच्या पाठीवरचं कापड वर खेचलं जातं. टाके सैल पडले तर ते बरगडीपासून सुटतं आणि पंखाचा आकारच बिघडतो.

ओझरलाही आम्ही जोडीनंच काम करायचो. बाहेरचा गन चालवणार, आतला रिव्हेटच्या शेपटीला डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, लावून बसणार. आवाजात बोलणं अशक्य. आतून पत्र्यावर एक टकटक म्हणजे बसला, दोन म्हणजे अजून मार.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज डोप. हे पातळ द्रावण लिननवर ब्रशनं लावायचं. वाळताना कापड आवळतं. सकाळी ढिला वाटणारा पंख संध्याकाळी टिचकी मारली की तबल्याच्या पुडीसारखा बोलला. तोंडाला मास्क, डोक्यावर पंखे, दारं सताड उघडी. महायुद्धाच्या सुरुवातीला डोपमध्ये टेट्राक्लोरोइथेन असायचं. कारखान्यांत ते लावणाऱ्या कामगारांना, त्यांत कितीतरी बायका, विषारी कावीळ झाली. काही दगावल्या. मग द्रावक बदललं. कॅमल बनली साडेपाच हजारांच्या आसपास, आणि तिच्या वैमानिकांच्या नावावर पाडलेली १,२९४ विमानं मोजलेली आहेत. टाके घालणाऱ्या हातांचा असा हिशेब कुठे नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

सूनबाईंनी ब्रुकलँड्सला नेलं. १९०७ची मोटार-शर्यतीची धावपट्टी तिथं आहे; उरलेल्या वळणाचा चढ पाहून छाती दडपते. कॅमलचा पहिला नमुना सॉपविथचा चाचणी वैमानिक हॅरी हॉकर यानं इथूनच २२ डिसेंबर १९१६ रोजी उडवला. इंजिन, बंदुका, पेट्रोल आणि वैमानिक, सगळा भार पुढच्या सात फुटांत. त्यात रोटरी इंजिन पंख्यासकट स्वतःच गरगर फिरायचं. त्यामुळे विमान उजवीकडे झटकन वळे. जाणत्याला ते शस्त्र होतं. नवशिका मात्र गिरकीत सापडे. कॅमलवर लढाईत ४१३ वैमानिक गेले, लढाईबाहेर ३८५.

रावळपिंडीचे हरदितसिंग मलिक हेही कॅमलच उडवत, पगडीवर मोठं हेल्मेट चढवून. ऑक्टोबर १९१७मध्ये पायात दोन गोळ्या घेऊन ते खाली आले. विमानात चारशेवर गोळ्या लागल्या होत्या म्हणतात. परवा डोप लावताना हे कळलं असतं, तर कापडाकडे अधिक आदरानं पाहिलं असतं. तारा, तुळया आणि इंजिन वाचलं, तर गोळी कापडातून नुसती आरपार जाते.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

चंदीगडला हवाई दलातल्या मिग-२१चा निरोप समारंभ. फोनवर पाहिला. १९६३ ते २०२५, म्हणजे बासष्ट वर्षं. ओझरला आम्ही ही विमानं शेकड्यांनी बांधली. आता ती चौथऱ्यांवर उभी राहतील, पोरं त्यांच्यासमोर फोटो काढतील. छान आहे. पण आत डॉली धरून अंग मुडपून कसं बसायचं, हे त्या फोटोत येणार नाही.

बुधवार, १ ऑक्टोबर, खंडेनवमी

सकाळी सुई, रंधा आणि माझी जुनी फूटपट्टी पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं.

शेडमधल्या ड्रॉइंगवर कॅमलच्या बरगडीचं माप आहे, लाकडाची जात आहे, टाक्यांमधलं अंतरही आहे. दोरा किती ओढायचा ते नाही. सुरुवातीच्या पंखावर मंडळींनी पूर्ण कापड उसवून पुन्हा शिवलं, तेव्हा कुठे हात बसला. ज्यांना विचारावं अशी माणसं आता हयात नाहीत. प्रतिकृतीचा खरा उपयोग मला इथं दिसतो. अस्सल विमान कोणी उसवू देणार नाही. नक्कल करताना मात्र हरवलेलं हातकाम पुन्हा शोधावंच लागतं.

मिगची माणसं अजून आहेत. नाशिकला, ओझरला, निफाडला ओट्यावर पेपर वाचत बसलेली सापडतील. तुमच्या घरात असं कोणी असेल, कारखान्यातलं किंवा एसटीच्या वर्कशॉपमधलं, तर या दिवाळीत वही घेऊन त्यांच्यापुढे बसा. काय बनवलंत एवढ्यावर थांबू नका. कसं बनवलंत, पलीकडच्या माणसाला खूण काय करायचात, तेही विचारा आणि लिहून ठेवा.