‘मला’ आणि ‘माझ्याकडे’

पुढील दोन वाक्ये मोठ्याने वाचून पाहा. ‘मला दोन भाऊ आहेत.’ ‘माझ्याकडे दोन सायकली आहेत.’ आता त्यांतील पहिल्या शब्दांची अदलाबदल करा. ‘मला दोन सायकली आहेत’ हे वाक्य कानाला खटकते; आणि ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ असे कोणी म्हणालेच, तर ते भाऊ सध्या त्याच्या घरी मुक्कामाला असावेत, असे आपण समजतो. हा भेद शाळेत तुम्हांला कोणी शिकवला नाही, तरी तो तुमच्याकडून चुकत नाही. जे देता येते, विकता येते, ते ‘माझ्याकडे’ असते. जे तोडून वेगळे करता येत नाही, ते ‘मला’ असते. भाषाविज्ञानात यांना अनुक्रमे विच्छेद्य आणि अविच्छेद्य स्वामित्व म्हणतात. सीमारेषा अर्थातच काटेकोर नाही. शेतकरी ‘मला पाच एकर शेती आहे’ असे म्हणतो. पण गुंतवणूक म्हणून जमीन घेणारा ‘माझ्याकडे पाच एकर आहे’ असे म्हणण्याचा संभव अधिक. जमीन तीच, सातबाराही तसाच. नाते मात्र निराळे.

हा भेद मी अनेक वर्षे शिकवीत आलो आहे. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र मला मराठी मुलखात भेटले नाही, तर लंडनच्या नैर्ऋत्य भागातील विम्बल्डन येथे. टेनिसमुळे हे नाव तुम्हांला ठाऊक असेल. मी सांगणार आहे ते तेथील फुटबॉल क्लबाविषयी.

हा क्लब 1889 साली एका शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी स्थापन केला. 1912 पासून त्याचे मैदान प्लाउ लेन या रस्त्यावर होते. 1977 साली त्याला इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला, नऊ वर्षांत तो सर्वोच्च श्रेणीत पोहोचला आणि 1988 मध्ये त्याने अंतिम सामन्यात बलाढ्य लिव्हरपूलला 1-0 असे हरवून एफ.ए. चषक जिंकला. आपल्याकडे तालुक्याच्या संघाने रणजी करंडक जिंकावा, तसे हे होते. तीनच वर्षांनी, म्हणजे 1991 मध्ये, क्लबाने प्लाउ लेन सोडले. प्रेक्षकांच्या सुरक्षिततेचे नवे नियम आले होते आणि जुने मैदान त्यांत बसत नव्हते. सेलहर्स्ट पार्क या दुसऱ्या क्लबाच्या मैदानावर हा संघ भाडेकरू म्हणून खेळू लागला. पुढे प्लाउ लेनची जागा सुपरमार्केटच्या कंपनीला विकली गेली, क्लबाची मालकी नॉर्वेतील धनिकांकडे गेली, आणि 2001 साली व्यवस्थापनाने जाहीर केले, की क्लब सुमारे नव्वद किलोमीटर दूर असलेल्या मिल्टन कीन्स या शहरी नेण्यात येईल. मिल्टन कीन्स हे 1967 साली आखलेले नवे शहर. तेथे रस्ते होते, वस्ती होती, स्टेडियमसाठी जागा होती. नव्हता तो फक्त लीगमधला क्लब.

लीगने प्रथम नकार दिला. वाद वाढला आणि अखेरीस तीन सदस्यांच्या आयोगापुढे गेला. 28 मे 2002 रोजी आयोगाने दोन विरुद्ध एक अशा मतांनी स्थलांतरास परवानगी दिली. क्लब आर्थिक दृष्ट्या बुडण्याच्या बेतात आहे, हा बहुमताचा मुख्य मुद्दा होता, आणि तो खोटा नव्हता. विम्बल्डनमध्येच नवा क्लब उभारून तळापासून सुरुवात करणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही, असेही निर्णयात नमूद केले होते. हे वाक्य नीट वाचा. ज्यांचा क्लब नेला, त्यांनी दुसरा काढणेही हिताचे नाही, असे ते सांगते. त्यात ‘हित’ आहे, पण ते कोणाचे हे सांगणारा षष्ठीचा शब्द फक्त ‘फुटबॉलचे’ एवढाच. माणसे त्यातून गळाली आहेत.

त्या उन्हाळ्यात मी एका अभ्यासवृत्तीवर लंडनमध्ये होतो. ज्यांच्या घरी मी खोली घेतली होती, ते माझे घरमालक निवृत्त बसचालक होते आणि या क्लबाचे पिढीजात चाहते. संघाविषयी बोलताना ते नेहमी ‘आम्ही’ म्हणत. आम्ही हरलो, आम्हांला पेनल्टी मिळायला हवी होती, इत्यादी. निर्णयानंतरच्या आठवड्यात मला एकाएकी जाणवले, की त्यांच्या बोलण्यातील सर्वनाम बदलले आहे. ‘त्यांना तिकडे जायचे आहे,’ ‘त्यांनी कर्ज करून ठेवले.’ चाळीस वर्षांचा ‘आम्ही’ एका दुपारीत ‘ते’ झाला. शोक व्यक्त करण्याच्या अनेक रीती मी पाहिल्या आहेत. सर्वनामाच्या बदलातून व्यक्त झालेला शोक तोवर पाहिला नव्हता. माझे कुतूहल काहीसे व्यावसायिक होते हे मी नाकारत नाही. त्यांच्या वाक्यांची टिपणे मी रात्री वहीत उतरवीत असे.

चाहत्यांनी मात्र आयोगाच्या हिताची वाट पाहिली नाही. काही आठवड्यांतच त्यांनी ए.एफ.सी. विम्बल्डन हा स्वतःचा क्लब काढला. संघच नव्हता, म्हणून जूनच्या अखेरीस विम्बल्डन कॉमन या सार्वजनिक माळरानावर निवड चाचणी ठेवली. कोणीही यावे आणि खेळून दाखवावे. सव्वादोनशेहून अधिक तरुण आले. 10 जुलै रोजी सटन या शेजारच्या क्लबाशी पहिला मैत्रीपूर्ण सामना झाला. नवा संघ 4-0 असा हरला. पाहायला साडेचार हजारांवर माणसे होती. घरमालक रात्री घशाला कोरड पडलेल्या अवस्थेत परतले आणि दारातूनच म्हणाले, ‘आम्ही वाईट खेळलो.’ ‘आम्ही’ परत आला होता. क्लब निराळा, खेळाडू निराळे, नोंदणी क्रमांकही निराळा. सर्वनामाने तरीही आपला जुना पत्ता शोधून काढला होता.

इकडे जुना क्लब आणखी वर्षभर सेलहर्स्ट पार्कवरच रखडला. त्या वर्षी ऑक्टोबरात रॉदरहॅमविरुद्धच्या त्याच्या सामन्याला अवघे 849 प्रेक्षक होते. कायद्याने क्लब तोच होता. 2003 साली तो मिल्टन कीन्सला गेला आणि पुढच्या वर्षी त्याने एम.के. डॉन्स असे नाव घेतले. 1988 चा चषक आणि इतर मानचिन्हे कोणाची, हा प्रश्न मात्र सुटेना. अखेर 2007 मध्ये मिल्टन कीन्सच्या क्लबाने जुन्या इतिहासावरील हक्क सोडून ती विम्बल्डनच्या स्थानिक पालिकेकडे सुपूर्द केली. कंपनी विकता आली, लीगमधील जागा नेता आली. 1988 चा मे महिना तेवढा नेता आला नाही.

नावावरचे भांडण तर आजही मिटलेले नाही. ‘डॉन्स’ हे विम्बल्डनच्या संघाचे जुने लाडके नाव. ते दुसऱ्याने लावावे हे चाहत्यांना सोसत नाही. 2017 साली दोन्ही संघांची गाठ पडली, तेव्हा ए.एफ.सी. विम्बल्डनने सामन्याच्या पुस्तिकेत पाहुण्यांचे पूर्ण नाव छापण्याचे टाळले. लीगने यावरून कारवाई सुरू केली, नंतर ती मागे घेतली. एक शब्द न छापल्याबद्दल क्रीडासंस्थेने कारवाई आरंभावी, हे भाषेच्या अभ्यासकाला सुखावणारे आहे.

विम्बल्डनचे चाहते मिल्टन कीन्सच्या क्लबाला आणखी एका शब्दाने हिणवतात: ‘फ्रँचायझी’. तेथे ही शिवी आहे. आपल्याकडे 2008 पासून, क्रिकेटच्या आयपीएलमुळे, हा शब्द प्रतिष्ठेने वावरतो आहे. 2014 साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा पुण्याला एफ.सी. पुणे सिटी हा संघ मिळाला. बालेवाडीच्या मैदानावर तो खेळे. 2019 मध्ये तो बंद झाला आणि लीगमधील त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. ‘फ्रँचायझी हैदराबादला गेली’ या मराठी वाक्यात काही खटकते का, पाहा. नाही खटकत. बदली झालेला अधिकारी जातो, तशी ती जाते. पाच वर्षांत ‘मला’ रुजायला वेळ मिळत नाही, असे कोणी म्हणेल. मला ते पुरेसे वाटत नाही. जी गोष्ट पहिल्या दिवसापासून ‘फ्रँचायझी’ म्हणूनच ओळखली गेली, तिच्याशी नाते कोणत्या विभक्तीत जोडायचे हेही तेव्हाच ठरून गेले असावे.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. मिल्टन कीन्समध्ये 2004 नंतर जन्मलेली मुले आज तरुण आहेत. त्यांच्या लेखी एम.के. डॉन्स हाच आपल्या गावाचा संघ. त्यांनी काही चोरलेले नाही. त्यांचा ‘आम्ही’ही अस्सलच आहे, आणि एखाद्या मालकाने उद्या तो संघ हलवला तर त्यांचा आकांत विम्बल्डनकरांहून कमी असणार नाही. मालकाच्या व्यवहाराने एका गावाचे ‘मला’ तोडले आणि दुसऱ्या गावी नवे उगवले. कायद्याला या दोन्ही घटना दिसल्या नाहीत, कारण त्याच्या व्याकरणात फक्त ‘माझ्याकडे’ आहे.

ए.एफ.सी. विम्बल्डनने नवव्या श्रेणीतून सुरुवात केली आणि 2011 मध्ये, पुन्हा नऊच वर्षांत, फुटबॉल लीग गाठली. क्लबाची सूत्रे चाहत्यांच्या न्यासाकडे आहेत. 3 नोव्हेंबर 2020 रोजी तो प्लाउ लेनवर, जुन्या मैदानापासून हाकेच्या अंतरावर बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये परतला. त्यासाठी चाहत्यांनीच रोख्यांतून पैसा उभा केला होता. साथीच्या निर्बंधांमुळे त्या रात्री त्यांच्यापैकी कोणालाही आत जाता आले नाही. सामना 2-2 असा बरोबरीत सुटला. 2022 मध्ये, हंगामाचे अखेरचे काही महिने एकही सामना न जिंकता, संघ खालच्या श्रेणीत घसरला. चाहते अर्थातच संतापले. या वेळी मात्र ज्याच्या नावाने खडे फोडावेत असा मालक त्यांना सापडेना. घसरलेला संघही त्यांनाच होता, आणि क्लबही त्यांच्याचकडे.