दगडातली तलवार

बदलापूर लोकल कल्याणनंतर विठ्ठलवाडी घेते, मग उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धातली ही लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी तिचं शहर केलं. पुढचं अंबरनाथ. इथे आजही आयुधनिर्माणी आहे, पण मी उतरतो ते हजार वर्षांपूर्वीच्या हत्यारासाठी. शिलाहार राजांच्या सैनिकाची तलवार दगडावरून पुन्हा घडवायची, हा माझा ध्यास.

वालधुनी नदीकाठचं शिवमंदिर शके 982चं, म्हणजे इसवी सन 1060चं. शिलालेखात मामवाणी या शिलाहार राजाचं नाव आहे. 1868 साली जे. जे. कलाशाळेच्या टेरी यांनी विद्यार्थ्यांसह इथल्या शिल्पांची रेखाटनं केली, साचे घेतले. त्या कामाबद्दल मला फार आदर आहे.

मूर्तींच्या हातांत त्रिशूळ आहे, खड्ग आहे. पण ते खड्ग जसंच्या तसं उतरवलं तर लोहार फसेल. काळा पाषाण पातळ कोरला की तुटतो. म्हणून शिल्पी पातं जाड ठेवतो, मागच्या शिळेला टेकवतो, चौकटीत मावावं म्हणून लांबीही आखडतो. त्यात ऊनपावसानं कडा झिजलेल्या. शिवाय ही देवांची शस्त्रं.

माणसांची तलवार पाहायची तर बोरिवलीजवळच्या एकसरला जावं. तिथल्या वीरगळांवर लढाई आहे, वल्ह्यांची गलबतं आहेत, पडलेले वीर आहेत. काही अभ्यासक ही लढाई 13व्या शतकातल्या सोमेश्वर शिलाहार आणि महादेव यादव यांच्या युद्धाशी जोडतात. मरणाऱ्याच्या आप्तांनी आणि सोबत्यांनी ओळखावं म्हणून कोरलेला हा दगड. त्यावर माझा जास्त भरवसा.

मापासाठी मी मूठ धरतो. कोरलेल्या योद्ध्याच्या मुठीच्या किती पट पातं, ते काढायचं आणि जिवंत हाताला लावायचं. पडताळ्याला वराहमिहिर आहे: बृहत्संहितेत उत्तम खड्ग 50 अंगुळांचं, कनिष्ठ 25चं. अंगूळ पाऊण इंचाचं धरलं तर उत्तम खड्गाची लांबी तीन फुटांच्या किंचित वर जाते.

जाडी, वजन आणि पोलादाचं पाणी मात्र दगड सांगत नाही. त्यासाठी आधी लाकडी नमुना करायचा, मग लोखंडी. हातात धरून फिरवायचा. मनगट ओढलं गेलं की पातं टोकाकडून तासायचं, पुन्हा फिरवायचा.