कल्याणच्या बत्तीस छत्र्या

कल्याण म्हटलं की काय आठवतं? फास्ट लोकलमधली चौथी सीट, स्टेशनबाहेरचा रिक्षांचा गोंधळ, फार तर दुर्गाडी किल्ला. रेडिओ दुर्बीण? नक्कीच नाही! पण बॉस, टीआयएफआरच्या रेडिओ खगोलशास्त्र गटाची पहिली दुर्बीण १९६५ मध्ये उभी राहिली ती इथेच, कल्याणला. माझ्या डब्यात मात्र आजवर कुणाच्या तोंडून याबद्दल अवाक्षर ऐकलेलं नाही.

त्यात मालही सेकंडहँड. सिडनीजवळच्या पॉट्स हिलला सूर्य न्याहाळणाऱ्या ३२ छत्र्या, प्रत्येकी सहा फुटी. तरुण गोविंद स्वरूप १९५३ मध्ये तिथे शिकायला गेले होते. तिथलं काम संपल्यावर ऑस्ट्रेलियाने त्या भारताला भेट दिल्या. छत्र्या दिल्लीत आल्या आणि राहिल्या पडून. स्वरूप अमेरिकेला गेले, १९६३ मध्ये होमी भाभांच्या टीआयएफआरमध्ये परतले, तेव्हा कुठे छत्र्यांना कल्याण दिसलं.

२४ छत्र्या पूर्व-पश्चिम, ६३० मीटरवर पसरलेल्या. म्हणजे पंधरा डब्यांच्या दोन लोकल एकामागे एक. उरलेल्या ८ दक्षिणोत्तर, २५६ मीटरमध्ये. बारा डब्यांची एक लोकल समजा. सहा फुटी छत्रीला एकटीला सूर्य म्हणजे नुसता ठिपका. पण सगळ्यांचे सिग्नल जुळवले की सूर्याचा कुठला भाग किती तापलाय, ते कळू लागतं.

जुळवणं हीच खरी गोम. पाडव्याच्या सकाळी डोंबिवलीत फडके रोडवर ढोलपथक बघितलंय ना? रांगेतल्या सगळ्यांनी एकदम थाप मारली की दणका समोर जातो. डावीकडच्याने आधी आणि पुढच्या प्रत्येकाने किंचित उशिरा मारली, तर तोच दणका उजवीकडे वळतो. कुणी जागचं हललेलंसुद्धा नसतं! ऐकतानाही गणित हेच. कल्याणची दुर्बीण ६१० मेगाहर्ट्झवर चालायची, म्हणजे लाटेची लांबी जेमतेम अर्धा मीटर. एखादी केबल वीतभर जास्त झाली, की एका छत्रीची लाट दुसरीची पुसून टाकणार. तेव्हा इथल्या माळावर तरुण पोरं काय मोजत बसली असतील, कल्पना करा.

तीनेक वर्षं इथून सूर्य बघितला गेला. मग मंडळी उटीला गेली. तिथली १९७० ची ५३० मीटर लांब दुर्बीण आपली नजर उत्तर-दक्षिण फिरवते ती हीच उशिराची युक्ती वापरून. आणि तुमचा फाइव्ह-जी? टॉवरवरच्या त्या चपट्या पेटीतले कितीतरी छोटे अँटेना असेच पुढे-मागे थाप मारत सिग्नल तुमच्या दिशेने वळवतात. ठाण्याला प्लॅटफॉर्मवर उभं राहून रील बघताना हे कोण आठवणार म्हणा!

मला विचाराल तर यावर एक झकास वीकएंड होऊ शकतो. कल्याणहून मुरबाड, माळशेज घाट, ओतूर, आळेफाटा, मग नारायणगाव. मिसळ हाणा आणि खोडदला वळा. स्वरूप यांनीच उभारलेली जीएमआरटी इथे आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० छत्र्या, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला इथे प्रदर्शन भरतं, तेव्हा आत शिरता येतं. मोबाइल मात्र बंद ठेवा. कल्याणला आता जी शांतता मिळणार नाही, ती या छत्र्यांना अजून लागते.